सूनबाईचे आभार

प्रिय ताई,

गुडघे जेवढं वाकू देतात तेवढं वाकून नमस्कार. (उरलेला भेटीत, खुर्चीवर बसूनच करीन.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला, की अजूनही त्यावरूनच शेजाऱ्यांना ते घरी असल्याचं कळतं? दोघांनी प्रकृतीला जपा, म्हणजे तू जप आणि त्यांनी तुझं ऐकावं.

आमच्याकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायला घेतलं आणि पेन अडलं. सगळे ठीक आहेत, पण आमच्याकडे नाहीत. मुलगा, सून आणि नात गेल्या आठवड्यात नव्या घरी राहायला गेली. लगेच चष्मा पुसू नकोस, भांडण झालेलं नाही. सूनबाईच्या हॉस्पिटलातली लॅब इथून फार लांब पडते, पहाटेची पाळी असली की अंधारात निघावं लागायचं, आणि नवं घर लॅबच्या मागच्याच गल्लीत आहे. कारण इतकं रास्त की रागवायलाही जागा नाही. भांडून गेली असती तर समजूत तरी काढता आली असती.

त्यांनी हे सांगितलं त्या दिवसापासून माझ्या मनात एकच, की जाईपर्यंत या मुलीला कळलं पाहिजे की ती मला किती हवी आहे. आता तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. प्रेम वाटलं की मी शिस्त लावते. शाळेत मोठ्या सिस्टर जेवणाआधी सगळ्यांना डोळे मिटायला लावायच्या आणि आपण एका डोळ्याच्या फटीतून डबे बघायचो, आठवतं? (तू बघायचीस. मी फक्त तू बघतेस का ते बघायची.) तर मी जाहीर केलं, आजपासून या घरात जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि प्रत्येकाने आपल्याला मिळालेल्या एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. माझा बेत असा की सगळ्यांचं झालं की शेवटी मी सूनबाईसाठी देवाचे आभार मानीन. देवाला सांगितल्यासारखं होईल आणि तिला ऐकू जाईल.

पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी आमटीत मीठ असल्याबद्दल आभार मानले. मुलाने लिफ्ट दुरुस्त झाल्याबद्दल मानले. नातीने, आजीचे डोळे मिटलेले असल्यामुळे आपली भाजी आजोबांच्या ताटात सरकवता आली, याबद्दल अगदी भक्तिभावाने मानले. सूनबाई म्हणाली, ‘आई, माझं उद्या चालेल का? मला भूक लागलीय.’ आणि माझी पाळी येईपर्यंत सगळे जेवायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी नियम कडक केला. सगळ्यांचं होईपर्यंत जो डोळे उघडेल त्याने भांडी घासायची. ह्यांनी त्या दिवशी आपल्या पहिल्या नोकरीपासून सुरुवात केली. त्यांचे साहेब, साहेबांचा कुत्रा, असं करत गाडी लग्नापर्यंत आली (तिथे ती जरा घाईने पुढे गेली, हे मी लक्षात ठेवलं आहे) आणि तेवढ्यात करपल्याचा वास यायला लागला. वास सगळ्यांना आला. पण भांडी घासायची होती कुणाला? आम्ही पाच माणसं डोळे घट्ट मिटून दूध उतू जाताना ऐकत बसलो होतो, ताई! शेवटी उठली ती सूनबाईच. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, पातेलं भिजत घातलं, आणि परत येऊन डोळे मिटून बसली. त्या दिवशीही माझं राहिलं. जळलेल्या दुधाच्या वासात मनातलं बोलवत नाही.

असं करत करत त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत आले. बैठकीत खोकी रचलेली, पडदे उतरवलेले. मी ठरवलं, देवाला मध्ये घालायचं नाही. जेवायच्या आधी उभी राहिले. शाळेत वक्तृत्वाला उभं करायचे तसे हात आपोआप बाजूला गेले, हनुवटी वर झाली, आणि मी म्हणाले, ‘सूनबाई, या घरासाठी तू जे जे केलंस, त्याबद्दल मी तुझी मनापासून आभारी आहे.’

नातीने तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

सूनबाई हसली, पण ते हसू तिला कुठे ठेवावं कळेना. म्हणाली, ‘आभार काय, आई? इतकी वर्षं मी पाहुणी होते का?’ आणि वाढलेलं ताट तसंच ठेवून उठली, खोक्यांना चिकटपट्टी लावायची राहिलीय म्हणून. पलीकडच्या खोलीतून ती चिकटपट्टी ओढल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत हे मला काय ठाऊक नव्हतं? आईचे मानले होते का आपण कधी? पण शब्द तोंडातून गेला, आणि मायेने जवळ घ्यायला गेलेली मी, तिला निरोपाचा नारळ दिल्यासारखं करून बसले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मी गॅलरीत उभी राहून सूचना करत होते. हे खाली गेले आणि तिला एवढंच म्हणाले, ‘तुमच्या स्वयंपाकघराचं दार नीट लागत नाही म्हणे. रविवारी पान्हा घेऊन येतो.’ एवढ्यावर ती पोर रडली! मी भाषण केलं तर चिकटपट्टी, आणि ह्यांनी पान्हा म्हटलं तर डोळ्यांत पाणी.

ताई, मला वाटायचं माझी देवावर श्रद्धा आहे. सूनबाई गेल्यावर कळलं, माझी श्रद्धा दह्यावर होती. रोज सकाळी फ्रीज उघडला की वाडगंभर दही असायचं, आणि ते आपलं आपण लागतं असं मी धरून चालले होते. परवा फ्रीज उघडला तर वाडग्याच्या तळाशी थोडंसंच उरलेलं. म्हणजे रोज रात्री, पाळीवरून आल्यावर, कुणीतरी दूध कोमट करत होतं. माझ्या गोळ्या पेल्याशेजारी निघत होत्या. मोबाईल आपोआप चार्ज होत होता. मी वर बघून हात जोडायचे, आणि जिने हे सारं केलं तिला मात्र कोथिंबीर नीट निवडली नाही म्हणून बोलायचे. ती इथे होती तेव्हा हे दिसलं असतं, तर भाषणाची पाळी आली नसती.

भावोजींना नमस्कार. तुझ्या सुनेला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण लिहायचंच राहिलं. तुझी सून तुझ्याजवळ आहे. तू तिला हे सगळं कोणत्या शब्दांत सांगतेस? जसंच्या तसं लिहून पाठव, मी पाठ करीन. पाठांतरात मी कच्ची नाही.

ता. क. २ : आत्ता सूनबाईचाच फोन आला होता. आई, वाडग्यातलं चमचाभर विरजणाला ठेवा, सगळं संपवू नका, म्हणाली. एवढी चांगली संधी, आणि मी काय बोलले असेन? ‘मला कळतं तेवढं.’ आणि फोन ठेवला.

ता. क. ३ : शब्द पाठवू नकोस. ह्यांनी हे पत्र वाचलं (न विचारता) आणि म्हणाले, बोलू नकोस काही, रविवारी माझ्याबरोबर चल आणि तिच्याकडे काहीतरी माग. घरचं माणूस घरच्या माणसाकडे मागतं. मला पटलं. मी विरजण मागणार आहे. पण घरात असताना नाही म्हणून सांगायचं म्हणजे खोटं बोलणं झालं, आणि ते मला या वयात जमायचं नाही. म्हणून आत्ता ओट्याशी उभं राहून वाडग्यातलं सगळं दही खाऊन टाकलं. आंबट होतं.