खोडरबरानं होतं तरी काय?

मंगळवार, राजूर. संध्याकाळ.

शाळेतला चार नंबरचा संगणक आज चालू झाला. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, एवढंच. उपाय संगणक शिक्षकांच्या ग्रुपवरचा, पारनेरच्या सरांनी सांगितलेला. पण खोडरबरानं होतं तरी काय? ग्रुपवर विचारलं. एरवी पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. आज दुपारभरात एकच. "मॅडम, चालू झाला ना? मग झालं." चुकीचं विचारलं का मी?

आत्ता पारनेरच्या सरांचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, फक्त मला. "मला पण न्हाई माहीत. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच न्हाई. कळलं तर सांगा."

खोडरबर पर्समध्येच राहिलंय. एक कड काळी पडलीय. हे काळं कशाचं? सरांना फोटो पाठवला.

लगेच उत्तर आलं, "माझ्याकडं अशी डबाभर हायेत."