झाकली मूठ दोघांची

एरंडोलचे चुडामणभाऊ यांना साक्रीहून ज्ञानेश्वरचा नमस्कार.

माझ्या नूतनची आणि तुमच्या पियुषची सोयरीक ठरली तेव्हा मी म्हणालो होतो, नूतनचा बाप भजनात पेटी वाजवतो. ते खरं आहे, पण फक्त गुरुवारी. शुक्रवार ते रविवार मी धुळ्याजवळ हायवेच्या बारमध्ये कीबोर्ड वाजवतो. देवाची क्षमा मागून बसतो आणि लोक चिठ्ठीवर मागतील ते गाणं वाजवतो. तुम्हीही म्हणाला होता, आमच्या घरात दारूला थारा नाही.

शनिवारी पुढच्या टेबलावर तुम्ही होता. सोडा उशिरा आला म्हणून म्हाताऱ्या वेटरच्या कानाखाली मारलीत. तो खुर्चीवर आपटला. पुन्हा हात उगारलात आणि तेवढ्यात तुम्हाला मी दिसलो. माझी बोटं थांबली नाहीत.

रविवारी तुमचा फोन आला. "व्याही, तुम्ही मला पाहिलं नाही, मी तुम्हाला पाहिलं नाही. नाहीतर पोरीला कळेल, बाप कुठं वाजवतो ते."

मी "बरं" म्हणालो. पण ते पाळलं नाही. आज नूतनला समोर बसवून सगळं सांगितलं, आधी माझं, मग तुमचं.

ती म्हणाली, "नाना, तुम्ही बारमा वाजाडतस हाई माले तीन वरीसपाईन माहीत शे. त्या वेटरले जास्ती लागनं का?"

मी त्याला विचारलंच नव्हतं.

येत्या सोमवारचा साखरपुडा नको, हे तिनेच तुमच्या पियुषला फोनवर कारणासकट सांगितलं. आता हे पत्र टाकायचं कारण उरलं नाही. मी धुळ्याची बस पकडतो. त्या वेटरच्या घरी जायचं आहे.

नूतनचा बाप,
ज्ञानेश्वर