उच्च भौतिकीची एकशे अकरा पुस्तकं

६ जानेवारी २००१, शनिवार. गोंडपिपरी.
कॉलेजात पुण्याच्या एका संस्थेचं पत्रक आलं. मे महिन्यात ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांसाठी तीन आठवड्यांचं शिबिर, विषय क्वांटम फील्ड थिअरी. सोबत आठ प्रश्न. कोणताही एक सोडवून ३१ मार्चपर्यंत टपालात टाकायचा. जिल्ह्यातून एकच शिक्षक घेणार. म्हणजे मी. बारा वर्षं बारावीला लोलकच हलवतोय. वयाची अट चाळिशीच्या आतली, मला जूनमध्ये चाळीस पूर्ण. आत्ता नाही तर कधीच नाही.
स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं. गणिताच्या उमेरा मॅडमनी पत्रकाची झेरॉक्स मागितली. दिली. जनरल नॉलेज वाढतं.

७ जानेवारी.
प्रश्न पाहिले. सोपे दिसतात. पण पाया पक्का केल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी पुस्तकं.

१३ जानेवारी. चंद्रपूर.
सकाळचं कॉलेज करून बस पकडली. लायब्ररीत फिजिक्सचं कपाट कुलूपबंद. किल्ली ज्या बाबूकडे, तो जनगणनेच्या ट्रेनिंगला. काचेतून चार पुस्तकांची नावं उतरवली. चौथ्याच्या नावावर नंबराची चिठ्ठी होती, तरी घेतलं. यादीचा श्रीगणेशा.

२१ जानेवारी. पुन्हा चंद्रपूर.
नईमचा सायबर कॅफे. अमेरिकेतल्या एका प्रोफेसरच्या नोट्स फुकट मिळतात! चौदा फाइली. पहिली अर्धी आली आणि फोनची लाइन गेली. दुसरी तशीच. नईम म्हणाला, सर, कामाचं पान सांगा ना जी, तेवढंच काढू. कामाचं कोणतं हे सगळं वाचल्याशिवाय कसं कळणार? अडाणी प्रश्न. संध्याकाळपर्यंत एकच फाइल पूर्ण उतरली, शेवटची. संदर्भसूची. तीत अडतीस पुस्तकं. यादी एकदम बेचाळीसवर! दिवस सत्कारणी लागला.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
जनगणना. घरोघरी माणसं मोजतोय. एका बाईनं मला पोलिओवाला समजून लेकरू पुढे केलं. या देशात फिजिक्स होणं कठीण आहे.
शेजारच्या वॉर्डात उमेरा मॅडम. घरची माणसं वावरातून परत येईपर्यंत ओट्यावर बसून काहीतरी खरडत होत्या. म्हणाल्या, सर, तिसरा प्रश्न करून राह्यली, बी.एस्सी.च्या जुन्या पुस्तकावरून जमते वाटते. मी समजावलं, बी.एस्सी.च्या पुस्तकानं हे होत नसतं. यादी दाखवली. पाहिली आणि पुन्हा खरडायला लागल्या. वाईट वाटलं त्यांचं.

२६ फेब्रुवारी.
कॉलेजचा कॉम्प्युटर प्राचार्यांच्या खोलीत, चपला बाहेर काढून जावं लागतं. नईमकडून भरून आणलेल्या चार फ्लॉप्यांपैकी तीन उघडत नाहीत. चौथीत माझीच यादी. निदान ती सुरक्षित आहे.

१२ मार्च.
नागपूरहून एक पुस्तक आलं! खाकी कव्हर घातलं, नाव घातलं, उदबत्ती लावली. प्रस्तावनेत लेखक म्हणतो, वाचकाला पुढील पाच ग्रंथ अवगत आहेत असं गृहीत धरलं आहे. प्रामाणिक माणूस. पाचही यादीत घेतले. पुस्तक मिटलं.
रश्मी म्हणाली, तुमी फिजिक्स शिकून राह्यले का पुस्तकं शोधून राह्यले? बायकोला शास्त्रीय पद्धत समजावणं अवघड.

२९ मार्च. दुपार.
यादी एकशे अकरा. आता प्रश्न. घेतला तर आठवाच घ्यावा. दीड तास बसलो. पहिल्या ओळीतलं चिन्हच ओळखू येईना. मग सातवा. मग पहिला. उकाडा, त्यात लाइट नाही. चिडून वही फेकली. खरं सांगायचं तर रडू आलं.

३१ मार्च.
यादीच पाठवली. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक पुस्तकापुढे शेरा: उत्तम, अत्युत्तम, अपरिहार्य. ज्याला एकशे अकरा पुस्तकं माहीत, त्याच्याकडे एका उत्तराचा हट्ट संस्था धरणार नाही.

२३ एप्रिल.
पत्र आलं. यादी अतिशय उपयुक्त आहे, सर्व शिबिरार्थींना वाटू, आपले आभार. मात्र पाकिटात उत्तर आढळलं नाही. जिल्ह्यातून उमेरा मॅडमची निवड.
यादीबद्दल आभार मानले, हे महत्त्वाचं. पण मला जायचं होतं.

२८ एप्रिल.
उमेरा मॅडम पेढे घेऊन घरी आल्या. सोबत संस्थेनं पाठवलेली माझ्याच यादीची झेरॉक्स. म्हणाल्या, सर, तुमी तं सगळे वाचले असतीन, मले पहिले कोणतं वाचू ते सांगा. रश्मी चहा घेऊन दारातच थांबली. मी म्हटलं, एक नंबरचं. त्यांनी लगेच पेननं त्यावर गोल केला आणि दोनदा थँक्यू म्हणाल्या.
यादी लेखकांच्या आडनावांच्या ए-बी-सी-डीनं लावलेली आहे.