सात नंबरची यादी

४ मार्च, शिंचू
नोकरी लागली! कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला राउटरच्या कंपनीत कोण घेतं? टेस्टिंग टीमच्या जुआनदादाने घेतलं. म्हणाला, डिग्री भिंतीवर टांगतात, तुला वाचता येतं ना, बास! काम सोपं. राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात एक फाइल असते. मजकूर कुलूपबंद करायच्या कुठल्या पद्धती आपल्याला येतात, ते गाभा तिथे स्वतःच सांगतो: नाव, ती पद्धत चालवणारा चालक, किल्लीची लांबी, स्वचाचणी. खुद्द किल्ली मात्र कधीच दाखवत नाही. मी फक्त यादी ताडून पाहायची.
शेजारी सिन-रू बसते. हसली की माझी यादी चुकते.
यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून प्रत्येकावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवतात. सिन-रूने बजावलं, बाबा रे, उपाशी मेलास तरी त्याला हात लावू नकोस.

११ मार्च
सिन-रूने जुआनदादासाठी खिम्याच्या गोळ्यांचं सूप आणलं. माझ्यासमोर! वर दादा म्हणतो, बघतोस काय, तुला वास फुकट. माझं टाळकं फिरलं. सात नंबरच्या यंत्रावरचं पाकीट फोडून सगळ्यांदेखत खाल्लं. सगळे दोन पावलं मागे सरकले. दादा तेवढा बत्तिशी दाखवत होता.

१२ मार्च
सात नंबरच्या यादीत एक पद्धत जास्तीची. नाव नाही, चालक नाही. किल्लीची लांबी ३२. स्वचाचणी बाकी. दादा म्हणाला, बत्तीस हे नेहमीचंच माप, घाबरट कुठला.

१३ मार्च
जुआनदादा जिन्यात मेलेला सापडला. जबडा फोडलेला, तोंडात एकही दात नाही. बत्तीसच्या बत्तीस उपटलेले.
सात नंबरवर: स्वचाचणी उत्तीर्ण.
सिन-रू माझा हात धरून रडली. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

१७ मार्च
नवी ओळ. लांबी २०. मॅनेजर वेनसाहेबांना सांगितलं, माणसं बाहेर काढा. ते म्हणाले, पोरा, घरी जा, झोप काढ. सात नंबरवर नवं पाकीट ठेवलं. तासाभराने पाहतो तर फाटलेलं, रिकामं. माझ्या ओठांवर खाऊचा चुरा. वायर उपटली. यादी तशीच चालू—

१८ मार्च
वेनसाहेब गोदामात. मेलेले. हातापायांची बोटं कापून नेलेली. वीस. उत्तीर्ण.
माझ्या बॅगेत पक्कड. केस चिकटलेत. माझी नाही ती. नखांतलं धुतलं तरी—

१९ मार्च
चालकाच्या जागी आता नाव आहे. शिए काई-वेन. माझं.
नवी ओळ. लांबी १.
माणसाला एकच असतं. पहिल्या दिवसापासून सिन-रूकडे तेच मागतोय मी. काळीज.

दुपार
खोलीत कोंडून घेतलंय. दाराची किल्ली खिडकीबाहेर. पक्कडही.
सिन-रू दार वाजवतेय. म्हणते, वेड्या, उघड, आज सूप तुझ्यासाठी आणलंय. ओरडलो, पळ! हसली. म्हणते, घरमालकिणीकडून दुसरी किल्ली घेतलीय—
डाव्या हाताने लिहितोय. उजव्यात कात्री. कधी घेतली मी— सिन-रू, नको, कुलूप नको फिर