ॲम्बॅसिडरला ग्रेस मार्क

४ नोव्हेंबर १९८७
आजपासून रोजनिशी लिहिणार, कारण आज इतिहास घडला. सरकारी योजनेतून आमच्या निपाणीच्या हायस्कूलला कॉम्प्युटर आला. हेडमास्तर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर, शाळेचा चार्ज माझ्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरही माझ्याकडेच. कपाटात ठेवून कुलूप लावले. किल्ली करगोट्याला.
संकल्प : आठ दिवसांत संपूर्ण कॉम्प्युटर शिकणे.

१३ नोव्हेंबर
शिकणे चालू आहे. अजून खोक्यातून काढलेला नाही. धूळ बसू नये हा उद्देश.

१६ नोव्हेंबर
काढला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला जोडायचा, कॅसेट लावायची आणि वाट बघायची. टेपरेकॉर्डर नुसता किंचाळतो. अर्धा तास ऐकले. शेवटी मधाळेबाईंना बोलावले. कोणती वायर कुठे लावली ते मी मुद्दामच पाहिले नाही. बारीकसारीक कामात डोके घातले की मोठ्या कल्पना सुचत नाहीत.
मधाळेबाई म्हणजे गणिताच्या टेंपररी टीचर. बी.एस्सी. वडील तंबाखूच्या वखारीत होते, आता खोकल्यापायी घरीच. पाच माणसे बाईंच्या पगारावर. ऑर्डर ३१ डिसेंबरला संपते, मुदतवाढ माझ्या शिफारशीवर.
मी जातपात मानत नाही. स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी वेगळा कप मीच स्वतः आणला, निळ्या फुलांचा. आमचे सगळ्यांचे साधेच आहेत.

२४ नोव्हेंबर
कल्पना सुचली! जानेवारीत शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर येणार. त्यांना गाड्यांच्या शर्यतीचा गेम दाखवायचा. कोगनोळी नाका ते बेळगाव. जो गेम तयार करील त्याला बेंगलोरला तीन महिन्यांचे ट्रेनिंग. जागा एकच. सूट शिवायला टाकला.
गेम लिहिण्याचे किरकोळ काम मधाळेबाईंकडे दिले.

३ डिसेंबर
गेम झाला. गाड्या चार. संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्यासारखी पांढरी ॲम्बॅसिडर, महाराष्ट्राची एसटी, कर्नाटकची बस आणि तंबाखूची बैलगाडी. बाईंनी प्रत्येक गाडीला एकूण वीस मार्क दिलेत. विषय तीन : वेग, ब्रेक, पेट्रोल. एकात जास्त घेतले की दुसऱ्यात कमी. बैलगाडीला वेगात दोनच, पण पेट्रोलमध्ये दहा, कारण बैलांना ते लागतच नाही. म्हणे, कुठलीही गाडी घ्या, नीट चालवली तर जिंकते.
मी म्हणालो, मग हुशार गाडी कुठली हे कसे कळणार? तर म्हणतात, "चालवणाऱ्यावरनं कळतंय की सर." उद्धट.
चार वेळा खेळलो. चारही वेळा बैलगाडीने मला मागे टाकले. बैलगाडीचे मार्क कमी करायला सांगितले.

८ डिसेंबर
नाजूक प्रश्न. एसटी पुढे आली तर इन्स्पेक्टर नाराज, ते कन्नड. कर्नाटकची बस पुढे आली तर चेअरमन नागोजीराव नाराज, आणि खिडक्यांवर दगड पडतील ते वेगळेच. गेल्या वर्षीचे सीमाआंदोलन अजून कोणी विसरलेले नाही. मी दोन्ही बसना अगदी सारखे मार्क देऊन टाकले. बाई म्हणाल्या, मग दोन कशाला, एकच ठेवूया. मी म्हणालो, राजकारण तुम्हाला कळायचे नाही.

१० डिसेंबर
ॲम्बॅसिडरच जिंकली पाहिजे. पण वेग नऊच्या वर नेऊ नका, असे बाईंचे म्हणणे. जितके मार्क तितकी घरे गाडी एका दमात पुढे सरकते. बेळगावची रेघ नऊ घरे रुंद. वेग त्याच्यावर गेला तर गाडी रेघेवरून उडी मारून पलीकडे जाईल आणि बेळगाव आले हे कॉम्प्युटरला कळायचेच नाही. मी मान हलवली. मार्क कसे द्यायचे हे वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला शिकवतात.

१९ डिसेंबर
बाई मुदतवाढीचे विचारायला आल्या. "सर, ऑर्डर संपत्या. तेवढ्या दोन ओळी लिवा की चांगल्या. घरात दुसरं कोण मिळवतं न्हाय." मी म्हणालो, बघू.
मग शांतपणे विचार केला. ट्रेनिंगची जागा एक आणि माणसे दोन. कुणीतरी कठोर व्हायलाच पाहिजे. रिपोर्ट लिहिला : "कु. मधाळे मेहनती आहेत, तथापि त्यांना यंत्राची समज नाही. शर्यतीचा गेम मी स्वतः तयार केला आहे." मेहनती हा शब्द आवर्जून घातला. एक प्रत चेअरमनना, एक खात्याला, एक कॉम्प्युटरच्या फाइलला.
शिंपी म्हणतो, कोट पोटावर बसत नाही. शिंप्यांनाही हल्ली समज राहिलेली नाही.

३१ डिसेंबर
बाई आज गेल्या. कोणती वायर कुठे, कोणते बटण कधी, हे सगळे एका वहीत लिहून घेऊन आल्या होत्या. मी वही घेतली नाही. आम्हाला येते म्हणालो. रिपोर्टात काय लिहिले ते त्यांनी विचारले नाही, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्या बघण्याचा राग आला. कप घेऊन जा म्हणालो, तर तोही नेला नाही. आता त्याचे काय करायचे?
शिपाई आण्णाप्पा दारात डोळे पुसत उभा. त्याला मेमो देण्याची तंबी दिली.
घरी सौ. म्हणाली, "त्या पोरीच्या घरात उद्या काय शिजंल वो?" बायकांना प्रशासन समजत नाही. जेवण गेले नाही. वांगे कडू होते.

१७ जानेवारी १९८८
तीन दिवस वायरी जुळेनात. शेवटी आण्णाप्पाने जोडल्या. बाई जोडताना तो बघत होता म्हणे. त्याला बाहेर काढून एकट्याने मार्क दुरुस्त केले. ॲम्बॅसिडरला वेगात नवाचे बारा. तीन ग्रेस. चेअरमनसाहेबांच्या पुतण्यालाही नववीत तीनच दिले होते, कुणाचे काही बिघडले नाही. पेट्रोलमध्ये वीसपैकी वीस. खेळून बघितले नाही. आत्मविश्वास आहे.

२० जानेवारी
सूट घातला. चेअरमननी ॲम्बॅसिडर घेतली, इन्स्पेक्टरनी कर्नाटकची बस. बाकीच्या दोन गाड्या कॉम्प्युटर चालवत होता. ॲम्बॅसिडर सुसाट सुटली. टाळ्या. बेळगाव आले. गेले. गाडी टीव्हीच्या उजव्या बाजूने नाहीशी झाली आणि डावीकडून परत कोगनोळीला उगवली. पुन्हा बेळगाव. पुन्हा कोगनोळी. इन्स्पेक्टर पोहोचले. एसटी पोहोचली. बैलगाडीसुद्धा पोहोचली. चेअरमन फिरतच होते. पेट्रोल मीच भरून ठेवलेले, ते संपेना.
पोरे हसायला लागली. चेअरमन ओरडले, "अरं, थांबवा की माझी गाडी!" कुठले बटण ते मला आठवेना. मी प्लग उपटला.
मग घाम पुसत सांगितले की हा गेम मुळात मधाळेबाईंनी केला आहे, म्हणून हे असे झाले. इन्स्पेक्टरनी बॅगेतून माझा रिपोर्ट काढला आणि तेवढे वाक्य मोठ्याने वाचले. चेअरमन चहा न घेता गेले.

२१ जानेवारी
काल व्होल्टेज कमी होते.

२ फेब्रुवारी
बेंगलोरच्या यादीत नाव नाही. छपाईची चूक असणार. अर्ज पाठवला.

२६ फेब्रुवारी
दुसरा अर्ज पाठवला. हेडमास्तर हजर झाले. चार्ज गेला. किल्लीही मागून घेतली, भर स्टाफरूममध्ये करगोट्याची सोडून द्यावी लागली.

९ मार्च
खात्याचा हुकूम. कॉम्प्युटर वापराविना पडून आहे, तरी तो खानापूरच्या हायस्कूलला द्यावा, तिथे जाणकार शिक्षक नेमले आहेत. सोबत सीलबंद फाइल. पोचवायला मी. हेडमास्तरना म्हणालो, हे शिपायाचे काम आहे. ते म्हणाले, आण्णाप्पाला शाळेत काम आहे.

११ मार्च
सकाळच्या बसने निघालो. बेळगावात बस बदलली. टीव्ही मांडीवर, फाइल काखेत, खोके पायाशी. खानापुरात वर्ग दाखवला. आत मधाळेबाई शिकवत होत्या. जाणकार शिक्षक त्याच.
सील त्यांनी माझ्यासमोर फोडले. पहिलाच कागद माझा रिपोर्ट. तीन महिने काखोटीला मारून फिरावा तसा मीच तो त्यांच्या हातात आणून दिला होता. उभ्या उभ्याच पुरा वाचला. पोचपावतीवर सही केली. मी निघालो, तर म्हणाल्या, "थांबा की सर." आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "ह्ये शिंत्रे सर. गाड्यांचा गेम ह्यांनी केलाय, तसं लेखी हाय. आज ह्येच आपल्याला शिकिवणार."
चाळीस पोरे माझ्याकडे बघत बसली. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पैला चालू कसा करायचा त्ये दावा."
मी वायरी हातात घेतल्या. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. एक लावली. काढली. दुसरी लावली. बाई खिडकीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मदतीला आल्या नाहीत. मी त्यांच्याकडे दोनदा बघितले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी म्हणालो, मला येत नाही.
ती मुलगी म्हणाली, "मग बसा की सर."
मागच्या बाकावर जागा होती. तिथे बसलो. मधाळे मॅडमनी शिकवायला सुरुवात केली.