पावलं पुसलेली वाळू

मालदीव
३० जानेवारी २०२५

ती. कान्हूकाकांस,
ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनला कायमची रजा दिल्याचं निकेशदादाकडून कळलं. मी कागदावर लिहून फोटो पाठवायचा, त्याने तो पेणच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून आणायचा, असं आमचं ठरलं आहे. तेव्हा चष्मा पुसून बसा. इंदुकाकूला वाचून दाखवा, म्हणजे ती तुम्हाला दोनदोनदा विचारणार नाही.

बेट एवढंसं आहे की सकाळचा चहा गार व्हायच्या आत त्याला फेरी मारून होते. पाण्यावर खांब रोवून खोल्या बांधल्यात, प्रत्येक खोलीला स्वतःचा पोहण्याचा तलाव. समोर अख्खा समुद्र असताना तलाव कशाला, हे मला अजून समजलेलं नाही. उशीसुद्धा सात प्रकारच्या यादीतून निवडायची असते.

माझं काम बेटाच्या शेपटाला असलेल्या छोट्या किनाऱ्यावर. तिन्ही बाजूंनी झुडपं, मागून आलेलं काही दिसत नाही. तिथे एका वेळी एकच जोडपं नेतात, जेवणाची टोपली देतात आणि सगळे निघून येतात. त्याआधी मी मोठी दाताळी घेऊन वाळूवरची सगळी पावलं पुसते. आलेल्याला वाटलं पाहिजे की इथे आजवर कुणी आलेलंच नाही. मग मी स्वतःची पावलं पुसत पुसत उलटी मागे येते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढं शिकून शेवटी अंगणच झाडतेस ना गो.

आता कामाचं. झुडपांमागे जमीन अरुंद आहे. काल अमावास्येच्या उधाणाला तिथून पलीकडचं पाणी आत शिरलं, तीन पावलं रुंद ओहोळ झाला, आणि पाहुण्यांच्या गाद्या भिजल्या. तक्रार माझ्या नावावर लागली. मार्चअखेर मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार आहे. पक्की झाले तर आईबाबांना आठ दिवस इथे आणता येतं. बाबांनी खाडीकडे बघणंही सोडलंय, त्यांना मला हे निळं पाणी दाखवायचं आहे.

आपला बांध फुटला तेव्हा मी दोन वर्षांची होते. कसा फुटला विचारलं की बाबा उठून जातात. पण बांधायचा कसा हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही असं आईच सांगते. तर सांगा, हा ओहोळ कसा बुजवू?

लोभ आहे तसाच ठेवा, ऐकू आलं नाही तरी.

तुमची
ऋतुजा


रामवाडी, पेण
३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिस,
कान्हूकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. माघी गणपतीची घाई आटोपली, मूर्तींच्या कारखान्यात आता दोन दिवस निवांत आहे, म्हणून लगेच लिहितो. तुझं पत्र इथे सगळ्यांनी वाचलं. रंगकाम करणाऱ्या नूतनने तर पावलं पुसण्याची गोष्ट तीनदा वाचली. मला एक कळत नाही. आपल्याकडे पाऊल नसलेली जागा म्हणजे जिथे कुणी जायला धजत नाही ती. तिथे जाऊन बसायला माणसं पैसे मोजतात, म्हणजे एकमेकांशी भांडायचं असतं का? दिवसभर बोलतात तरी काय? तू लांबून बघतेस का? बघत नसशील तर बघ आणि मला कळव.

आणखी विचारायचं आहे. तिथे चिखल अजिबात नाही असं निकेश सांगतो. मग खेकडे घर कुठे करतात? ओहोटीला पाणी किती मागे जातं? तिवरं आहेत का? मी जन्मभर खाडीचं पाणी पाहिलं, पण ज्याचा तळ दिसतो असं पाणी मी पाहिलेलं नाही. काकू विचारते, जेवायला भात मिळतो का नाय.

आता बांधाचं. पाणी आत आलं की दुसरा विचार करायचा नाही, पहिलं ते तोंड बंद करायचं. अष्टमीला भांग असतो, पाणी मंद असतं, तेव्हाच हात घाल. उधाणात घालशील तर केलेलं वाहून जाईल. दोन रांगांत खुंटे ठोक, त्यांच्यामध्ये नारळाची झापं विणून उभी कर, मध्ये वाळूची पोती आणि दगड. एका बाजूने भरत जाऊ नकोस, दोन्हीकडून सुरू करून मध्ये येऊन मिळायचं. शेवटचं हातभर तोंड एका दमात बंद. आम्ही घरटी एक माणूस उभा करून असंच करत आलो. तू केलंस तर मोठे साहेब तुला पक्कीच काय, खुर्चीवर बसवतील.

तुझ्या बाबांना, आमच्या दत्तूदादाला, खाडीबद्दल विचारत जाऊ नकोस. त्याची चार खंडी भात पिकणारी खारजमीन होती, आता तिथे तिवरं आहेत.

काळजी घे. आमचा लोभ घरच्या मिठासारखा, सरत नाही.

तुझा
कान्हूकाका


मालदीव
१ मार्च २०२५

ती. कान्हूकाकांस,
ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बागकामाच्या दोघांना समजावून सांगितलं आणि अष्टमीला तिघांनी मिळून ओहोळ बंद केला. अगदी तुम्ही सांगितलंत तसा, दोन्हीकडून. शेवटचं तोंड बुजवताना मी तुमच्यासारखी ओरडत होते म्हणे. मॅनेजर बाईंनी येऊन फोटो काढला. पौर्णिमेच्या उधाणाला गाद्या कोरड्या राहिल्या. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात पेढे दिले.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. भात मिळतो, पण काकूच्या हातचा नाही. खेकडे आहेत, पांढरे, वाळूतच बिळं करतात आणि मी त्यांचीही पावलं पुसते. जोडपी फारसं बोलत नाहीत. अर्धा वेळ एकमेकांचे फोटो काढतात आणि उरलेला अर्धा ते फोटो बघतात. एक म्हाताऱ्या बाई मात्र एकट्याच आल्या होत्या. त्यांनी माझी दाताळी मागून घेतली आणि तासभर वाळूवर रेघा ओढल्या. का, ते मी विचारलं नाही, पण अजून तेच डोक्यात आहे.

काका, आता जे लिहिते ते आईला कळू देऊ नका. किनारा जातो आहे. पौर्णिमेनंतर छत्रीच्या पायापासचा उतार उभा झाला. मला वाटलं वाऱ्याने झालं असेल. परवाच्या अमावास्येनंतर वाळूखालचे काळे खडक उघडे पडले आणि नारळाची मुळं हवेत आली. आता तिथे दोन गाद्यासुद्धा मावत नाहीत. बाईंनी पाहुणे नेणं थांबवलं आहे. सगळे म्हणतात, समुद्राचं काय सांगावं. होडी चालवणारे इथले एक आजोबा मात्र येऊन आमच्या बांधाकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि हसून जातात. त्यांची भाषा मला येत नाही.

आपण काही चुकलो का? मार्च लागला आहे. मला भीती वाटते.

तुमच्या लोभावरच इथे दिवस ढकलते आहे.

तुमची
ऋतुजा


रामवाडी, पेण
६ मार्च २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भोगावतीच्या पात्रातून दोन घमेली वाळू आणली आणि कारखान्यातल्या मोठ्या परातीत तुझं बेट मांडलं. शेपूट केलं, अरुंद जागा केली, तिथे बोटाने ओहोळ पाडला आणि मग्ग्याने पलीकडून पाणी सोडत बसलो. निकेशला वाटलं, कानापाठोपाठ बापाचं डोकंही गेलं. पोरी हसत होत्या. हसू देत.

पाणी ओहोळातून आलं ते मोकळं आलं नाही. पलीकडची वाळू बरोबर घेऊन आलं आणि अलीकडच्या तोंडाशी अर्धचंद्रासारखी पसरून गेलं. तोच तुझा किनारा. मग मी ओहोळ बुजवला आणि पुढून लाटा मारल्या. पंधरावीस लाटांत अर्धचंद्र गेला, परातीचा पत्रा दिसायला लागला. तुझे काळे खडक ते हेच. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तसंच झालं.

म्हणजे चुकलो मी. तू नाही. मी चिखलाचा माणूस. आमच्याकडे आत येणारं पाणी शेत मारतं, म्हणून जगातलं सगळं आत येणारं पाणी वैरी, असं मी धरून चाललो. तुझा किनारा त्या पाण्यावरच जगत होता. आजोबा हसले ते उगाच नाही.

आता येत्या पौर्णिमेच्या आधी तो बांध काढ. पोती फोड, वाळू तिथेच सांडू दे, खुंटे उपट. पण गाजावाजा करू नकोस. तुझ्या बांधामुळे झालं हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, तर तू कशाला सांगायला जातेस? पहाटे उठून हळूच काढून टाक. नावं ठेवायला समुद्र आहेच, तो काही परत बोलत नाही. असं निभावतं, मला अनुभव आहे.

तुझी नोकरी जाता कामा नये. आमचा लोभ आहे आणि त्यासोबत या वेळी अपराधही आहे, दोन्ही पोहोचोत.

तुझा
कान्हूकाका


मालदीव
१८ मार्च २०२५

ती. कान्हूकाकांस,
ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुमची परात मला इथून दिसली. किती हसले आणि मग किती रडले ते सांगत नाही.

बांध काढला. पण हळूच नाही. पहाटे गेले होते, पहिलं पोतं फोडलंही. तेवढ्यात ते होडीवाले आजोबा आले आणि दुसरं पोतं ओढायला लागले. मला लाजल्यासारखं झालं. ज्या माणसाला सगळं माहीत आहे त्याच्यासमोर चोरून काय करायचं? पोतं टाकून मी तशीच मॅनेजर बाईंकडे गेले आणि सांगितलं की किनारा माझ्यामुळे गेला. तुमच्या परातीचं चित्र कागदावर काढून दाखवलं. तुमचं नाव नाही घेतलं, काका. हात माझे होते.

बाईंनी चित्र हातात घेतलं. मग त्यांनी आजोबांना बोलावून घेतलं आणि एकाला भाषा सांगायला बसवलं. आजोबा म्हणाले की त्यांना महिनाभर हे दिसत होतं, पण कुणी विचारलंच नाही. निकाल असा लागला. मला मार्चअखेर पक्कं करणार नाहीत. आणखी तीन महिने बघणार, तोवर किनाऱ्यावरून काढून कपडे धुण्याच्या खात्यात टाकलं आहे. गप्प राहिले असते तर कदाचित पक्की झाले असते. बाबांना आणणं पुढे गेलं, त्याचं वाईट वाटतं आहे.

पण ऐका. पौर्णिमेचं उधाण मोकळ्या ओहोळातून आलं. आजोबांनी खडकापाशी वीतभर काठी रोवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती चार बोटं वाळूत गेली होती. सुट्टी झाली की मी रोज जाऊन बघते. तिथली पावलं आता कुणी पुसत नाही.

एक विचारायचं आहे. तुम्ही लिहिलंत, असं निभावतं, मला अनुभव आहे. काका, अनुभव कसला?

लोभ असू द्या, आणि उत्तरही.

तुमची
ऋतुजा


रामवाडी, पेण
१ एप्रिल २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी ते दुसऱ्या एकाला द्यायचं होतं.

बावीस वर्षांपूर्वीच्या पिठोरी अमावास्येचा दिवस. मोठ्या उधाणाला प्रत्येक घराने आपल्या वाट्याचा बांध फिरून बघायचा असा गावाचा नेम. सकाळच्या ओहोटीला मी आमचा तुकडा फिरलो. उघाडीपासून वीस पावलांवर, जिथे खारीतलं पाणी खाडीला सोडतात त्याच्या जरा पुढे, खेकड्याचं बीळ दिसलं. ते खणून काढून ताज्या चिखलाने ठोकून भरायचं असतं, तासाभराचं काम. मला पेणची एस.टी. गाठायची होती. त्या दिवशी एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी होती आणि एवढ्याशा कुंचल्याने मूर्ती बघायला कशी लागते हे मला पाहायचं होतं. तुझ्यासारखंच मलाही सगळं पाहायचं असतं. मी बिळात पेंढ्याची मूठ कोंबली आणि गेलो.

दुपारच्या भरतीला बांध गेला. मी परतलो तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखंच पाणी होतं, दादाचं भात त्याखाली. गाव म्हणालं, समुद्राचं काय सांगावं. मीही तेच म्हणालो. ते तोंड वाढत गेलं, पुन्हा बंद झालंच नाही. दादा रोह्याला कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. मी डोळे आखायला शिकलो. आणि तू परक्या बेटावर लोकांची पावलं पुसायला गेलीस, त्याच्या मुळाशी माझी ती पेंढ्याची मूठ आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, काकूलासुद्धा नाही. पोरी, तू एका सकाळीत जे केलंस ते मला बावीस वर्षं जमलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

पाडव्याला पेणहून रोह्याची गाडी धरली. दादा ओट्यावर बसला होता. मी सगळं एका दमात सांगितलं, तुझं पत्रही त्याच्या हातात दिलं. तो बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. मग उठून आत गेला. मला वाटलं, संपलं. पण तो पेन्सिल घेऊन बाहेर आला आणि तुझ्या पत्राच्या पाठीवर लिहिलं, बीळ केवढं होतं?

मी मूठ वळून दाखवली. त्याने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, जणू मापच घेत होता, आणि वहिनी पानं वाढून दाराशी येईपर्यंत सोडली नाही. राग होता की माया, मी विचारलं नाही.

निघताना त्याने आणखी एक ओळ लिहिली. ती तुझ्यासाठी आहे म्हणून जशीच्या तशी उतरवतो. ऋतुजाला विचार, काठी आता किती बुडाली.

तर कळव. आम्ही दोघंही वाट पाहतो आहोत.

लोभ ठेवशील ना?

तुझा
कान्हूकाका