‘घणाघात’, हळू आवाजात

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे टेबलावर लिहिण्यापुरतं. त्याहून जास्त वाकलो तर सरळ करायला हिला हाक मारावी लागते, आणि हाक मारणं मला आता जमत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा रक्तदाब पेपर वाचण्याआधीचा आणि वाचून झाल्यानंतरचा, दोन्ही कळव. इकडे हिची तब्येत उत्तम आहे, आणि माझी हिच्या मते उत्तम आहे. पत्रास कारण असं की माझा कार्यक्रम गेला. म्हणजे कार्यक्रम आहे तिथेच आहे, मी गेलो. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू ‘मोठ्यांदा बोल, मोठ्यांदा बोल’ करतेस आणि मी ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून देतो.

आमचं चॅनेल तुमच्याकडे दिसत नाही, त्यामुळे मी तिथे नक्की काय करतो हे तुला कधी नीट कळलं नसेल. भाऊजी पाहुण्यांना ‘मेहुणा टीव्हीत असतो’ एवढंच सांगतात आणि पाहुण्याने पुढचं काही विचारायच्या आत चहा मागवतात. तर ऐक. टायरच्या दुकानावर मालकांचं घर आहे, आणि घराची पुढची खोली म्हणजे आमचं चॅनेल. तिथे मी टीव्हीच्या तळाशी सरकणारी पट्टी लिहायचो. पाणी येणार नाही, पाकीट हरवलं, मांजर सापडलं, असं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दर शनिवारी संध्याकाळी ‘घणाघात’ चालायचा. त्यात परदेशी रॉक गाण्यांचे व्हिडिओ लावायचे, आणि दोन गाण्यांच्या मधे एक लांब केसांचा माणूस पुढच्या गाण्याबद्दल बोलायचा. एका शनिवारी तो माणूस केस कापून आला आणि विमा कंपनीत लागल्याचं सांगून गेला. मालकांनी खोलीत नजर फिरवली. खोलीत दोघेच होतो, कॅमेरावाला आणि मी. कॅमेरावाला कॅमेऱ्यामागे हवाच होता. अशी माझी निवड झाली. (‘गुणवत्तेवर निवड’ असं पुढे एका मुलाखतीत छापून आलं. मी ते दुरुस्त केलं नाही.)

मला काळं जाकीट मिळालं, ते आधीच्याच्या मापाचं, आणि मालकांनी एकच सूचना दिली. भिंतीपलीकडे त्यांच्या आई झोपलेल्या असतात, तेव्हा खोलीत आवाज अजिबात करायचा नाही. गाण्याचा आवाज यंत्रातून थेट केबलमध्ये जायचा. आमच्या खोलीत फक्त चित्र. म्हणजे ताई, आधी रॉकमधलं ओ का ठो कळत नव्हतं, त्यात ते ऐकूही येत नव्हतं. धूर निघतोय, माणसं केस झटकतायत, एकजण तोंड वासून जमिनीवर लोळतोय, आणि एवढ्यावरून मी लोकांना सांगायचं की बाबांनो, या गाण्यात असं असं आहे. मी चेहरे बघून अंदाजाने बोलू लागलो. ‘या गायकाला घरच्यांनी फार समजून घेतलेलं दिसत नाही.’ ‘हे गाणं बहुतेक वडील गेल्यानंतरचं आहे, ढोलवाल्याला फारच लागलेलं आहे.’ हे सगळं मी अशा आवाजात सांगायचो, जशा आवाजात आपण दवाखान्याबाहेर बाकावर बसून बोलतो.

लोकांना ते आवडलं. का, ते मी सांगू शकत नाही. एका बाईंनी पत्राने कळवलं की माझ्या कुजबुजीनंतर ढोल सुरू झाले की त्यांच्या छातीत धस्स होतं आणि आठवडाभर बरं वाटतं. मला ‘कुजबुजे सर’ नाव पडलं. वाणी माझ्याशी कुजबुजत बोलायला लागला, बसचा कंडक्टर कानाशी येऊन तिकीट विचारायला लागला. हिची मात्र पंचाईत झाली. मी जेवताना मीठ मागायचो ते हिला ऐकूच यायचं नाही, आणि मी अळणी जेवून उठायचो. हिला वाटायचं, मी रुसलोय. या एका कारणावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी बाकी सगळ्या कारणांवरून मिळून झाली नसतील. (भांडणांतही ती एकटीच ऐकू यायची, त्यामुळे शेजाऱ्यांची सहानुभूती कायम मला.)

मग एकदा इथल्या मुलांच्या बँडने मैदानावर कार्यक्रम ठेवला आणि मला सुरुवात करून द्यायला बोलावलं. मैदान भरलेलं. मी माईकपाशी गेलो आणि नेहमीसारखा बोललो. कुणाला काही ऐकू येईना. आवाजाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला वाटलं माईक बिघडला, म्हणून त्याने बटण होतं तेवढं फिरवलं. नेमकी त्याच क्षणी मला शिंक आली. ताई, ती शिंक मी स्वतः ऐकली आणि कुणीतरी मेलं असं मला वाटलं. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा उडाला. बँडमधल्या ढोलवाल्याला वाटलं, हाच इशारा, आणि त्याने ठोकायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘अभिनव सुरुवात’ म्हणून आलं, आणि त्यानंतर कुठेही गेलो की लोक मला शिंकायचा आग्रह करायचे.

चांगले दिवस होते असं म्हणतात. मला ते तेव्हा विशेष जाणवले नाहीत. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. गाणं बघायला शनिवारची वाट कोण पाहणार? पत्रं थांबली, वाणी पुन्हा मोठ्याने बोलू लागला. मालक माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायला लागले, तेही हळूच, आईंची झोप मोडू नये म्हणून. आणि मागच्या महिन्यात काय झालं, मी बोलत असताना मधलं दार उघडलं आणि आई काठी टेकत बाहेर आल्या. आम्ही तिघे थिजलो. मालकांनी तर हातच जोडले. आई माझ्याजवळ आल्या, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “हा माणूस इतकी वर्षं नुसते ओठ का हलवतो? मला वाटायचं, आपला टीव्हीच बिघडलाय.”

तर आईंना कमी ऐकू येतं. पहिल्यापासून. त्या झोपलेल्याही नसायच्या, दर शनिवारी पलीकडे टीव्ही पूर्ण आवाजात लावून ‘घणाघात’ बघायच्या. भिंतीला पाठ लावून बसायच्या, कारण ढोल वाजले की पाठीला बरं वाटतं. (इकडे आम्हाला भिंत घुमल्यासारखी, थरथरल्यासारखी वाटायची ती खालच्या टायरवाल्याच्या यंत्रामुळे, असा आमचा समज.) मालकांनी आईंना आवाजाचा त्रास होतो का, हे कधी विचारलंच नव्हतं. विचारायला मोठ्याने बोलावं लागलं असतं.

मालक म्हणाले, आता ओरडा. मी तोंड उघडलं. किटलीतून वाफ निघावी तसं काहीतरी निघालं. डॉक्टरांनी घसा तपासला आणि सांगितलं की घशाला काही झालेलं नाही, घसा ओरडायचं विसरलाय. मग मालकांनी नव्या निवेदकाची निवड ठेवली. जिन्यावर टायरच्या दुकानापर्यंत रांग लागली. बरीच मुलं आली, सगळी गॉगल लावून. सगळ्यांत शेवटी एक मुलगी आली. तिने कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, “नमस्कार आजी, आवाज येतोय ना?” पलीकडून काठी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ उत्तर आलं, “हिलाच घ्या!”

मी पुन्हा पट्टीवर बसलो. वाईट वाटलं का, असं तू विचारशील. तिच्या पहिल्या शनिवारी खोलीत प्रथमच गाण्याचा आवाज सुरू केला होता. मी इतकी वर्षं ज्याला वडील गेल्यानंतरचं गाणं म्हणत आलो, ते मी तेव्हा ऐकलं. ते मोटरसायकलबद्दल आहे. मुलगी ते लोकांना खणखणीत आवाजात, अगदी बरोबर सांगत होती. मी पट्टीवर ‘मांजर सापडलं’ लिहीत होतो. लिहिता लिहिता थांबलो आणि ढोलवाल्याकडे पाहिलं. ताई, मोटरसायकल असो की काय असो, त्याला काहीतरी लागलेलं होतंच. एवढं सोडलं तर विशेष काही वाटलं नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. एवढ्या लांबलचक पत्रात तुझ्या लेकीबद्दल एक अक्षर नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. शिकायला मामाकडे ठेवलेली पोर, आणि मामा मांजराबद्दल लिहितो. तर ती मुलगी म्हणजे आपली चिमणीच. ती रांगेत आहे हे मलाही ती आत आल्यावर कळलं. हिशेबाच्या कोर्सची परीक्षा तिने दिली आहे, पासही झाली आहे, नोकरी मात्र तिला हीच करायची आहे. तुला सांगायला तिने बरेच कागद फाडले. शेवटी म्हणाली, “मामा, तूच सांग. तू हळू सांगतोस.”

ता. क. २. ती चांगली आहे, ताई. मामा म्हणून नाही, ज्याची जागा गेली तो माणूस म्हणून सांगतो. पण कॅमेऱ्याचा दिवा लागायच्या आधी तिचे हात बर्फासारखे गार पडतात, आणि समोर बघायला घरचं माणूस मी एकटाच. मी दिसायला तितका धीराचा नाही. येत्या शनिवारी दोघं या. खोलीत दोन खुर्च्या मांडून ठेवतो.

ता. क. ३. भाऊजींना आत्ता सांगू नकोस. नुसतं माझ्याकडे जेवायला बोलावलंय म्हण आणि दुपारची जलद गाडी घे. गाडी सुटली की सांग. ती मधे कुठेच थांबत नाही.